77 वर्षांनी: लँकेशायरचा 2011 चा हंगाम

2010-11 च्या हिवाळ्यात मँचेस्टरच्या ओल्ड ट्रॅफर्डवर, म्हणजे लँकेशायर या इंग्लिश काउंटी संघाच्या घरच्या मैदानावर, खेळपट्ट्यांची दिशाच बदलण्यात आली. इतकी वर्षं त्या पूर्व-पश्चिम होत्या. संध्याकाळी मावळतीचं ऊन थेट फलंदाजाच्या डोळ्यांत जायचं आणि ढगांऐवजी उन्हामुळे खेळ थांबायचा. आता त्या उत्तर-दक्षिण झाल्या.

पण खरी अडचण पैशाची होती. इंग्लंड-ऑस्ट्रेलियाच्या अ‍ॅशेस मालिकेतली 2009 ची एकही कसोटी मँचेस्टरला मिळाली नाही. मैदान नवं केल्याशिवाय मोठे सामने नाहीत, आणि मोठ्या सामन्यांशिवाय काउंटी जगत नाही. त्यात पुनर्बांधणीचं प्रकरण कोर्टात गेलं. जुलै 2011 मध्ये निकाल क्लबच्या बाजूने लागेपर्यंत लँकेशायरचं सगळं भवितव्यच टांगणीला लागलं होतं.

मग चॅम्पियनशिपचे घरचे सामने खेळायचे कुठे? बहुतेक सामने लिव्हरपूलला, एगबर्थच्या क्लब मैदानावर. जुनं देखणं पॅव्हेलियन, पलीकडे मर्सी नदी, आणि सीमारेषेला अगदी खेटून बसलेले प्रेक्षक.

काउंटी चॅम्पियनशिप म्हणजे काय, हे समजून घेतल्याशिवाय या गोष्टीतली मजा कळायची नाही. 2011 मध्ये वरच्या श्रेणीत नऊ संघ होते, प्रत्येकाचे चार-चार दिवसांचे 16 सामने, एप्रिलच्या थंडीपासून सप्टेंबरपर्यंत. अंतिम सामना नसतोच. तेव्हा विजयाला 16 गुण होते, अनिर्णिताला फक्त तीन, शिवाय पहिल्या डावातल्या धावा आणि बळींचे बोनस गुण. मे महिन्यातल्या एखाद्या मंगळवारी सुटलेला झेल सप्टेंबरमध्ये महागात पडतो. मला क्रिकेटचा हाच प्रकार सगळ्यात खरा वाटतो.

लँकेशायरने हे विजेतेपद एकट्याने शेवटचं जिंकलं होतं 1934 साली. 1950 मध्ये ते सरेबरोबर वाटून घ्यावं लागलं. त्यानंतर वेस्ट इंडिजचे क्लाइव्ह लॉइड येऊन गेले. मुंबईचे फारुख इंजिनिअर 1968 ते 1976 इथे यष्टींमागे उभे राहिले. त्या संघाने 1970 पासून सलग तीन वर्षं एकदिवसीय सामन्यांचा जिलेट कप उचलला, पण चॅम्पियनशिप मात्र नाही. 2007 ची जखम तर अजून ताजी होती. शेवटच्या दिवशी ओव्हलवर 489 चं लक्ष्य, व्ही. व्ही. एस. लक्ष्मणचं शतक, आणि संघ 464 वर सर्वबाद. 25 धावा कमी पडल्या.

2011 चा संघ तर खालच्या श्रेणीत घसरणार, असंच अनेक जाणकार म्हणत होते. यात मोठी नावं नव्हती. बरेचसे खेळाडू याच भागात वाढलेले. कर्णधार ग्लेन चॅपल 37 वर्षांचा. इंग्लंडकडून तो फक्त एक एकदिवसीय सामना खेळला होता. प्रशिक्षक पीटर मूर्स यांना इंग्लंडच्या प्रशिक्षकपदावरून दूर करण्यात आलं होतं. याच मूर्स यांनी 2003 मध्ये ससेक्सला त्यांचं पहिलं विजेतेपद मिळवून दिलं होतं.

सप्टेंबरमध्ये एगबर्थवर हॅम्पशायरविरुद्धचा सामना अनिर्णिताकडे झुकला होता. सायमन केरिगन, 22 वर्षांचा डावखुरा फिरकीपटू, चेंडू टाकतच राहिला. एका डावात 51 धावांत नऊ बळी! दिवस संपायला काही मिनिटं उरली असताना शेवटचा गडी बाद झाला.

तरीही शेवटच्या फेरीआधी वॉरिकशायर तीन गुणांनी पुढे. लँकेशायर टॉन्टनला सॉमरसेटशी खेळत होतं, वॉरिकशायर साउदॅम्प्टनला हॅम्पशायरशी. चॅपलच्या मांडीचा स्नायू दुखावला, तरी त्याने गोलंदाजी सोडली नाही. 15 सप्टेंबर, अखेरचा दिवस. सॉमरसेटचे नऊ गडी गेले आणि मुरली कार्तिक, एकेकाळी लँकेशायरकडूनच खेळलेला, शेवटच्या साथीदाराला घेऊन तळ ठोकून बसला. डाव संपला तेव्हा हिशेब उरला 34 षटकांत 211 धावांचा. अनिर्णित राहून चालणारच नव्हतं.

स्टीफन मूर आणि पॉल हॉर्टन यांनी सलामीलाच शतकी भागीदारी केली. तिकडे साउदॅम्प्टनला हॅम्पशायरचे फलंदाज वॉरिकशायरला दिवसभर दाद देत नव्हते. हाच तो केरिगनने गुंडाळलेला आणि त्या वर्षी खालच्या श्रेणीत गेलेला संघ. तो सामना अनिर्णित राहिला. टॉन्टनला स्टीव्हन क्रॉफ्ट आणि कार्ल ब्राउन यांनी जवळपास पाच षटकं राखून काम फत्ते केलं. आठ गडी राखून विजय. लँकेशायर 246, वॉरिकशायर 235. वॉरिकशायरचे आठ गुण खराब खेळपट्टीच्या दंडापोटी आधीच कापले गेले होते, पण ते मिळाले असते तरी क्रम बदलला नसता.

पुढच्याच वर्षी लँकेशायर खालच्या श्रेणीत घसरलं. 2013 मध्ये ती श्रेणी जिंकून वर आलं, आणि त्याच उन्हाळ्यात ओल्ड ट्रॅफर्डवर अ‍ॅशेस कसोटी झाली, उत्तर-दक्षिण खेळपट्टीवर.