नगरसेवकाच्या पत्रकातला प्राधान्यक्रम कसा तपासावा?

नमस्कार. महापालिकेच्या निवडणुकीत आपल्या दाराशी येणाऱ्या पत्रकांवर खड्डेमुक्त रस्ते, चोवीस तास पाणी, वाहतूक कोंडीतून सुटका, मेट्रोचा विस्तार अशी आश्वासने ठळक अक्षरांत छापलेली असतात. पुण्यात जानेवारी 2026 मध्ये मतदान झाले आणि बहुतेकांनी ती पत्रके रद्दीत टाकली. ज्यांनी ठेवली असतील त्यांनी ती पुन्हा काढावीत, कारण त्यांतले नेमके काय नगरसेवकाच्या हाती आहे आणि आपल्या प्रभागातले सार्वजनिक जीवन सुधारायचे असेल तर त्याने कशाला अग्रक्रम द्यायला हवा, याचा विचार आज आपण करणार आहोत.

मेट्रो केंद्र आणि राज्य सरकार यांची संयुक्त कंपनी चालवते. पोलीस राज्याच्या गृहखात्याकडे असतात. नगरसेवक या बाबतीत पाठपुरावा करू शकतो, पण निर्णय त्याचा नसतो. त्याच्या हाती असते ते मुख्य सभेतले, म्हणजे सर्व नगरसेवकांच्या सभेतले मत, तिथे विचारायचे लेखी प्रश्न, प्रभाग समितीतली जागा आणि महापालिकेत ज्याला ‘स’ यादी म्हणतात तो प्रभागासाठीचा निधी. सोळा सदस्यांच्या स्थायी समितीवर वर्णी लागली, तर अंदाजपत्रकावरही त्याचा प्रभाव पडतो. अधिकार मर्यादित असले तरी ते मुळीच किरकोळ नाहीत.

[पडद्यावर: बागेच्या प्रवेशद्वारावरचा फलक]

हा फलक पाहा. वर ‘संकल्पना’, त्याखाली लोकप्रतिनिधीचे नाव आणि छायाचित्र, आणि शेवटी बारीक अक्षरांत ‘यांच्या विकास निधीतून’. हा निधी त्या लोकप्रतिनिधीचा नसतो. तो तुमच्या-माझ्या मिळकतकरातून आणि शहराला मिळणाऱ्या इतर उत्पन्नातून आलेला असतो. बाकडी, कापडी पिशव्या, कचऱ्याच्या बादल्या आणि चांगल्या स्थितीतल्या गल्लीचे पुन्हा काँक्रिटीकरण यांवर तो खर्च होतो, तेव्हा फलक लागतो, पण लोकांना एकत्र येण्यासाठी नवी जागा मिळत नाही. त्यातच आर्थिक वर्ष संपत आले की वर्गीकरणाचे प्रस्ताव येतात, म्हणजे अंदाजपत्रकात एका कामासाठी ठेवलेले पैसे दुसऱ्या कामाकडे वळवले जातात. अभ्यासिका किंवा विरंगुळा केंद्रासाठी तरतूद झाल्याचे ऐकून निश्चिंत झालेल्या नागरिकांनी फेब्रुवारी-मार्चमध्येही त्या तरतुदीची चौकशी करायला हवी.

माझ्या मते नगरसेवकाच्या यादीत सर्वांत वर असायला हवे ते काम मात्र पत्रकांवर क्वचितच दिसते. ते म्हणजे विकास आराखड्यातली आरक्षणे ताब्यात घेणे. मैदान, बाग, शाळा, दवाखाना, भाजी मंडई यांसाठी नकाशावर जागा राखून ठेवलेल्या असतात, पण त्यांतल्या अनेक जागांवर आजही पत्र्याचे कुंपण आणि आत गवत असते. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 127 नुसार, आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत जागा संपादित झाली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतर चोवीस महिन्यांत महापालिकेने संपादनाची पावले उचलली नाहीत, तर आरक्षण रद्द होते. पुण्याच्या जुन्या हद्दीचा आराखडा राज्य सरकारने जानेवारी 2017 मध्ये मंजूर केला. म्हणजे त्यातली दहा वर्षांची मुदत 2027 मध्ये, आत्ता निवडून आलेल्या सभागृहाच्याच काळात, भरू लागते. एकदा त्या जागेवर इमारत उभी राहिली की मुलांना खेळायला दुसरे मैदान कुठून आणणार? ज्या वस्तीत दोन खोल्यांच्या घरात पाच-सहा माणसे राहतात, तिथे मैदान ही चैन नाही. संध्याकाळी मुले, बायका आणि म्हातारी माणसे एकमेकांना भेटतात ती तीच एक जागा असते.

दुसरा अग्रक्रम पदपथांचा. पुणे महापालिकेने 2016 मध्येच पादचारी धोरण स्वीकारले आहे, त्यामुळे नव्या धोरणाची गरज नाही. आपल्या प्रभागातले पदपथ त्या धोरणाप्रमाणे आहेत की नाहीत, हे अभियंत्यांसोबत चालत जाऊन पाहणारा नगरसेवक हवा. पथविक्रेत्यांच्या जागा 2014 च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे आखून दिल्या, तर चालणारे आणि विकणारे यांच्यातला रोजचा तंटाही कमी होईल.

हे सगळे ठरवायचे कुणी? राज्याच्या कायद्यात 2009 मध्ये क्षेत्रसभेची तरतूद झाली. प्रभागाच्या ज्या भागाची ती सभा असते, तिथले सर्व मतदार तिचे सदस्य असतात आणि नगरसेवक अध्यक्ष असतो. ग्रामसभा गावाला जशी परिचयाची आहे, तशी क्षेत्रसभा शहराला अजून झालेली नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. मार्च 2022 पासून जवळपास चार वर्षे पुण्यात प्रशासकांचा कारभार होता आणि प्रश्न घेऊन जायला लोकप्रतिनिधीच नव्हते. आता एक प्रभाग सोडला तर प्रत्येक प्रभागात चार नगरसेवक आहेत, त्या एकात पाच. त्यामुळे ‘ते काम माझ्याकडे नाही’ हे उत्तर मिळण्याचा धोका आहे, म्हणून प्रभागातल्या सर्व नगरसेवकांना एकच लेखी पत्र द्या आणि त्यात तीन गोष्टी विचारा: पहिली क्षेत्रसभा कोणत्या तारखेला घेणार, प्रभागातली किती आरक्षणे ताब्यात यायची राहिली आहेत, आणि या वर्षीच्या ‘स’ यादीत कोणती कामे सुचवली आहेत. पत्राच्या प्रतीवर क्षेत्रीय कार्यालयाचा पोचशिक्का घ्यायला विसरू नका.