प्रार्थना करून पृथ्वीचा ताप उतरतो का?

नमस्कार.

ख्रिस्ती मंडळ्या, म्हणजे चर्च, पृथ्वीसाठी काय करतायत ते आज पाहू. सुरुवात झिम्बाब्वेतल्या मस्विंगो भागातून करू. उघड्या माळावर प्रभुभोजनाची उपासना चाललीय. माणसं रांगेत उभी आहेत आणि प्रत्येकाच्या हातात एक रोप आहे. भाकर आणि द्राक्षारस घेण्याआधी पापं कबूल करायची, ही ख्रिस्ती रीत जुनीच. पण इथे लोक कबूल काय करतायत बघा. कुणी म्हणतंय, ओलं झाड तोडलं. कुणी नदीच्या अगदी काठापर्यंत नांगर घातलाय. कुणी बैलांना बिनचाकी घसरगाडी जुंपून रानातून ओढलीय. या गाडीने जमिनीवर चऱ्या पडतात, पावसाळ्यात त्यांच्या घळी होतात आणि माती वाहून जाते. त्यामुळे तीही पापांच्या यादीत. कबुली झाली, प्रभुभोजन घेतलं आणि हातातलं रोप तिथेच जमिनीत लावलं.

तिथल्या स्वतंत्र आफ्रिकी मंडळ्यांनी 1991 मध्ये यासाठी संघटनाच उभी केली. इनुस डॅनिल नावाचे धर्मशास्त्राचे अभ्यासक त्यामागे होते. या मंडळ्यांनी लाखो रोपं लावली. सगळी जगली का? नाही. दुष्काळ आहे, गुरं आहेत. रोप लावणं एका सकाळचं काम, पाणी घालणं वर्षांचं. ते तिथेही कुणाला चुकलं नाही.

मग हा व्हिडिओ रोपांवर का नाही? कारण मला जास्त भावली ती कबुली. 'हे प्रभू, आम्ही सृष्टीचं नुकसान केलं' असं मोघम म्हणणं सोपं असतं. त्यात कुणाचंच नाव येत नाही. 'मी नदीकाठ नांगरला' हे चार शेजाऱ्यांसमोर म्हटलं की पुढच्या पेरणीला ते शेजारी बघणार असतात.

आता जरा मागे जाऊ. ख्रिस्ती धर्मावर याबाबत एक जुना आरोप आहे. 1967 साली लिन व्हाइट या इतिहासकाराने 'सायन्स' नियतकालिकात लिहिलं, की आजच्या पर्यावरणाच्या संकटाची मुळं पाश्चात्त्य ख्रिस्ती विचारात आहेत. माणूस सृष्टीचा मालक, बाकी सगळं त्याच्या वापरासाठी, ही ती समजूत. आरोप अगदीच हवेतला नव्हता. बायबलच्या 'उत्पत्ती' या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात पृथ्वी सत्तेखाली आणा असं आहेच. पण पुढच्याच अध्यायात देव माणसाला एदेन बागेत ठेवतो ते कशासाठी? मराठी बायबलमध्ये त्याला दोन शब्द आहेत, मशागत आणि राखण. शेतावर राखणीला बसलेला माणूस शेताचा मालक असतोच असं नाही, हे आपल्याला वेगळं समजावून सांगायला लागत नाही. गंमत म्हणजे त्याच लेखात व्हाइटने असिसीच्या संत फ्रान्सिसचं नाव सुचवलं होतं, पर्यावरणवाद्यांचा आश्रयदाता संत म्हणून. बारा वर्षांनी, 1979 मध्ये, पोप जॉन पॉल दुसरे यांनी तशी अधिकृत घोषणाच केली.

कॅलेंडरचं थोडक्यात सांगतो. 1989 मध्ये ऑर्थोडॉक्स परंपरेतले कॉन्स्टँटिनोपलचे प्रमुख धर्मगुरू (पॅट्रिआर्क) दिमित्रिओस यांनी 1 सप्टेंबर हा सृष्टीसाठी प्रार्थनेचा दिवस ठरवला. 2015 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी तोच दिवस कॅथलिकांसाठीही घेतला. आज अनेक पंथांच्या मंडळ्या 1 सप्टेंबर ते 4 ऑक्टोबर, म्हणजे संत फ्रान्सिसच्या सणापर्यंत, 'सृष्टीचा काळ' पाळतात. दिमित्रिओस यांच्यानंतर आलेले बार्थोलोम्यू यांनी तर 1997 मध्ये निसर्गाची हानी करणं हे पाप आहे असं सरळ सांगितलं. नुसती चूक नाही, पाप.

उपासाचंही असंच. नोव्हेंबर 2013, फिलिपिन्समध्ये हैयान वादळाने हाहाकार केला. त्यानंतर काही दिवसांतच वॉर्सात हवामान परिषद सुरू झाली. फिलिपिन्सचे प्रतिनिधी येब सान्यो बोलायला उभे राहिले, गहिवरले आणि ठोस काही ठरेपर्यंत जेवणार नाही असं तिथेच जाहीर केलं. पुढे जगभर अनेक ख्रिस्ती लोक दर महिन्याच्या 1 तारखेला हवामानासाठी उपास करू लागले.

बरं, आता इमारतीकडे. माझ्या मते खरी परीक्षा इथे आहे, आणि ती प्रार्थनेपेक्षा कंटाळवाणी आहे.

चर्च ऑफ इंग्लंडच्या सर्वसाधारण सभेने फेब्रुवारी 2020 मध्ये ठरवलं, 2030 पर्यंत निव्वळ शून्य कार्बन, म्हणजे जेवढा हवेत सोडू त्याहून जास्त उरू द्यायचा नाही. त्यांच्याकडे साधारण 16,000 चर्च आहेत, त्यातली कित्येक मध्ययुगातली. दगडी भिंती, उंच छत, आत प्रचंड हवा. उपासना रविवारी तासभर. त्या तासासाठी गॅसचा किंवा तेलाचा बॉयलर आदल्या रात्रीपासून पेटवून ठेवायचा. गरम हवा हलकी, ती वर चढते. म्हणजे छताखालच्या लाकडी देवदूतांना ऊब आणि खाली बाकावरच्या आजीबाई कोट घालून कुडकुडतायत! त्यामुळे आता सल्ला दिला जातो तो असा, की इमारत तापवू नका, माणसं तापवा. बाकाखाली छोटे विजेचे हीटर, बसायला उबदार गाद्या, दाराच्या फटी बुजवणं. यात फोटो काढण्यासारखं काही नाही. पण बिल आणि धूर दोन्ही इथेच कमी होतात.

फोटो काढण्यासारखंही आहे म्हणा. इंग्लंडमधल्या बाथ गावातल्या ॲबीशेजारी, म्हणजे तिथल्या जुन्या मोठ्या चर्चशेजारी, रोमन काळापासून वापरातले गरम झरे आहेत. तिथून दिवसाला सुमारे 11 लाख लिटर कोमट-गरम पाणी जुन्या रोमन गटारातून नदीला जाऊन मिळायचं. आता त्या गटारात उष्णता शोषणाऱ्या पट्ट्या बसवल्यात आणि त्या उष्णतेवर ॲबीची फरशी तापते. दोन हजार वर्षं ऊब गटारात चालली होती.

आणि एक गोष्ट मला आधी सुचलीच नव्हती. चर्च परंपरेने पूर्व-पश्चिम बांधतात, वेदी पूर्वेला. म्हणजे उतरत्या छताची एक लांबलचक बाजू आपोआप दक्षिणेला येते. उत्तर गोलार्धात सौर पॅनलला नेमकी हीच दिशा लागते. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेज चॅपलच्या छतावर 2023 मध्ये 438 पॅनल बसले. वारसा जपणाऱ्यांचा आक्षेप होता, 500 वर्षांच्या इमारतीचं रूप बिघडेल म्हणून. मला तो आक्षेप हसण्यावारी न्यावासा वाटत नाही. पण छत दुरुस्तीसाठी उघडलेलंच होतं, आणि अशी संधी काही पुन्हा पुन्हा येत नाही.

पैशांबद्दलही बोलायला हवं. मंडळ्यांकडे निधी असतो, तो कुठे गुंतवायचा? जागतिक चर्च परिषदेने 2014 मध्ये खनिज इंधनाच्या कंपन्यांमध्ये पैसा ठेवायचा नाही असं ठरवलं. चर्च ऑफ इंग्लंड कितीतरी वर्षं म्हणत राहिलं, आम्ही भागधारक म्हणून आत राहून कंपन्यांना वळण लावू. 2023 मध्ये त्यांच्या निधीने शेल, बीपी यांच्यासारख्या बड्या तेल कंपन्या वगळल्या. आत राहून वळण लागलं नाही, हे त्यांनाही कळलं. थोडं उशिराच, असं मी म्हणेन.

श्रद्धा आडवीही येते, हे टाळून चालणार नाही. तुवालू हा प्रशांत महासागरातला देश, सगळ्यात उंच जागाही समुद्रसपाटीपासून जेमतेम 4-5 मीटरवर, लोक जवळजवळ सगळे ख्रिस्ती. तिथे बरीच माणसं म्हणत आली, की बायबलमधल्या जलप्रलयानंतर देवाने नोहाला इंद्रधनुष्य दाखवून वचन दिलंय, पुन्हा जलप्रलय येणार नाही. मग समुद्र चढतोय याची काळजी कशाला? यावर वैज्ञानिकाने आलेख दाखवून उपयोग नाही. उत्तर पाळकानेच, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूनेच, द्यायला हवं, आणि तिथले काही पाळक ते देतात: प्रलय न आणण्याचं वचन देवाने दिलं, माणसाने नाही.

शेवटी इथिओपियाचं एक दृश्य. उत्तरेकडच्या पठारावर विमानातून पाहिलं तर सगळीकडे तपकिरी शेतं दिसतात, आणि मधेच हिरवे गोल ठिपके. प्रत्येक ठिपक्याच्या मधोमध ऑर्थोडॉक्स चर्च. आजूबाजूचं जंगल शेतीसाठी तुटलं, चर्चभोवतीचं राहिलं, कारण झाडं म्हणजे चर्चचं वस्त्र असं लोक मानतात. पण गुरं आत शिरून कोवळी रोपं खायची. वनशास्त्रज्ञ अलेमायेहू वासी आणि अमेरिकेच्या मेग लोमन धर्मगुरूंशी बोलले, आणि भिंती घालायचं ठरलं. दगड कुठून आणायचे? शेतकऱ्यांच्या शेतात नांगराला अडणारे होतेच. ते वेचून भिंत झाली आणि शेतंही साफ झाली. काही ठिकाणी तर भिंत झाडांच्या कडेला लागून न घालता मुद्दाम थोडी बाहेर घेतलीय. आतली पट्टी मोकळी सोडलीय, जंगलाला पुढे सरकायला.