दचकवणारा गजर आणि हळूहळू उजाडणारी खोली

[दृश्य: लातूर. वसतिगृहातली अंधारी खोली, चार कॉट. घड्याळात पहाटेचे साडेचार.]

खोलीत मुलं चार आणि मोबाईलही चार. पहिल्याचा गजर साडेचारचा. दुसऱ्याचा चार चाळीसचा. तिसऱ्याचे पाच-पाच मिनिटांच्या अंतरानं तीन. चौथ्याला उठायचंय सहाला. साडेचारला चौघंही दचकतात, आणि ज्याचा गजर होता तोच तो बंद करून पुन्हा झोपतो. शिकवण्यांच्या या गल्ल्यांत दर पहाटे असंच चालतं.

त्या एका क्षणात शरीरात काय होतं ते बघू या. कर्कश आवाज कानावर आदळला की त्याची वर्दी मेंदूच्या तळाशी, मेंदूखोडात जाते. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच पापण्या, मान, खांदे आखडतात. विचार करणारा मेंदू तोवर झोपेतच असतो. मागोमाग अ‍ॅड्रेनालिन सुटतं, छाती धडधडते, आणि मग कुठे माणसाच्या लक्षात येतं, अरे, हा तर गजर.

आवाज मोठा म्हणून दचकायला होतं, हे अर्धंच खरं. दुरून येणारी एसटी जवळ येईतो चांगलीच मोठ्यानं घरघरते, पण तिच्यानं कुणी दचकत नाही. मागून अचानक वाजलेल्या हॉर्ननं मात्र माणूस उडतो. आवाज किती चढला यापेक्षा किती झटक्यात चढला, यावर सगळं आहे. मोबाईलचा नेहमीचा गजर बहुधा पहिल्या क्षणापासून पूर्ण आवाजात असतो.

दुसरी गोष्ट पट्टीची. टेबलावरच्या स्वस्त इलेक्ट्रॉनिक घड्याळातला बझर साधारण २ ते ४ हजार हर्ट्झवर किंचाळतो. कान सगळ्यात तिखट असतो तो याच पट्टीत. उलट वय झालेल्यांना उंच पट्टीचं ऐकू येणं आधी कमी होतं. म्हणजे नातवाच्या घड्याळानं नातू दचकतो आणि शेजारी झोपलेल्या आजोबांना पत्ता नसतो. झोपलेल्या माणसाला आगीची सूचना देणाऱ्या यंत्रांवर अभ्यास झाले, त्यांत ३१०० हर्ट्झच्या किंचाळीपेक्षा ५२० हर्ट्झच्या खालच्या सुरानं लोक जास्त खात्रीनं जागे झाले. खालचा सूर म्हणजे कुचकामी, ही समजूत त्यामुळे सोडून द्यावी.

तिसरी गोष्ट झोपेच्या टप्प्याची. झोपेचं एक आवर्तन सुमारे ९० मिनिटांचं, कुणाचं थोडं कमी, कुणाचं जास्त. गाढ झोप बहुतेक रात्रीच्या पहिल्या एक तृतीयांशात होते. तिच्यातून ओढून काढलेल्या माणसाला गुंगी येते, ती साधारण १५ ते ३० मिनिटं टिकते, कधी त्याहून जास्त. रात्री एकला झोपून साडेचारला उठणारा मुलगा पहाटेचं पहिलं पान तीनदा वाचतो, त्याचं कारण इथे आहे.

एका आजारात तर गजर धोक्याचा ठरतो. लाँग क्यूटी सिंड्रोम नावाचा हृदयाच्या ठोक्यांचा आनुवंशिक विकार आहे. त्याच्या दुसऱ्या प्रकारात अचानक वाजलेल्या घंटेनं ठोके जीवघेणे बिघडू शकतात. अशा रुग्णांना झोपायच्या खोलीतून गजर आणि फोन काढायलाच सांगतात. गजरानं किंवा फोनच्या घंटेनं चक्कर किंवा बेशुद्धी आली असेल, किंवा घरात तरुणपणी अचानक मृत्यू झाला असेल, तर घड्याळ बदलत बसू नका, आधी ईसीजी काढा.

[दृश्य: दोन घंटांचं चावीचं टाईमपीस, मधला हातोडा.]

हे टाईमपीस अजून पुष्कळ घरांत आहे. मागे दोन चाव्या, एक वेळेची, एक गजराची. ठरलेल्या वेळेला खटका सुटतो आणि हातोडा दोन घंटांमध्ये थडथडतो. आवाज वाढावा म्हणून ते पितळी ताटात ठेवायची युक्ती ठाऊक असेलच. ताट घंटेबरोबर थरथरतं. आवाज मऊ करायचा तर बरोबर उलटं करा. चार पदरी वाकळेवर ठेवा, आणि दोन्ही घंटांना जिथे हातोडा लागतो तिथे सायकलच्या जुन्या ट्यूबचा बोटभर तुकडा चिकटवा. तुकडा जाड झाला तर हातोडा अडकून गजर मुकाच राहतो, म्हणून रात्री नव्हे, दुपारी वाजवून बघा.

मोबाईलवाल्यांचं काम जरा जास्त आहे. बऱ्याच अँड्रॉइड फोनांत गजराचा आवाज हळूहळू वाढवायची सोय असते, पण ती फार तर मिनिटभराची. मिनिट कमी पडतं. त्यापेक्षा आपली ध्वनिफीत आपणच तयार करावी. ऑडॅसिटी हे फुकट सॉफ्टवेअर घ्या. बासरीचा किंवा सतारीचा संथ आलाप, दहा मिनिटांचा. पहिली चार मिनिटं निवडून त्यांना 'फेड इन' द्या, म्हणजे आवाज शून्यापासून हळूहळू चढेल, पुढची सहा तशीच राहू द्या. फाईल फोनमधल्या 'अलार्म्स' नावाच्या फोल्डरमध्ये टाकली की गजराच्या यादीत दिसते.

यात चुका ठरलेल्या आहेत. तानपुऱ्याचा खर्ज निवडला तर फोनच्या चिमुकल्या स्पीकरमधून तो बाहेरच पडत नाही. मधल्या सप्तकातलं काहीतरी हवं. फाईल चारच मिनिटांची केली तर ती संपून पुन्हा पहिल्यापासून, म्हणजे जवळजवळ शांततेपासून सुरू होते आणि झोपलेला झोपलेलाच राहतो. फोनची 'हळूहळू वाढवा' ही सोयही चालू ठेवली तर दोन्हींचा गुणाकार होतो. फोनमध्ये गजराच्या आवाजाची सरकपट्टी गाण्याच्या आवाजापेक्षा वेगळी असते, तीच तपासा. पूर्ण शांततेचा 'डू नॉट डिस्टर्ब' गजरही दाबून टाकतो. वेगळं गजराचं अ‍ॅप घेतलंत तर फोन बॅटरी वाचवायला त्याला मध्यरात्री बंद पाडू शकतो. सेटिंगमध्ये त्या अ‍ॅपवरचं बॅटरीचं बंधन काढा. आणि आवडतं गाणं लावू नका. महिन्याभरात ते नकोसं होतं.

सुरेल गजराचा उपयोग होतो का? मेलबर्नच्या आरएमआयटी विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० मध्ये ५० जणांची पाहणी प्रसिद्ध केली. ज्यांचा गजर गुणगुणता येईल असा, त्यांनी गुंगी कमी असल्याचं सांगितलं. पाहणी लहान आहे, आणि लोकांच्या स्वतःच्या सांगण्यावर आहे. पण करून बघायला पैसे पडत नाहीत. जाता जाता: भूपाळीच्या नावात भूप दिसतो खरा, पण भूप राग गायचा तो रात्रीच्या पहिल्या प्रहरी. पहाटेला भैरव, ललत.

[दृश्य: उन्हाळा. माळवदावर ओळीनं अंथरुणं. पूर्वेला झुंजुमुंजू.]

माळवदावर झोपणाऱ्याला गजर लागत नाही. सूर्य उगवायच्या वीस-बावीस मिनिटं आधी उघड्यावर साधारण ३ लक्स (लक्स हे उजेडाचं माप) उजेड असतो, सूर्य क्षितिजावर येतो तेव्हा काही शे लक्स. हा चढ पापण्यांतून आत जातो. पापणी निळा उजेड अडवते, तांबूस बराचसा आत सोडते. शरीराच्या घड्याळाला त्यातून दिवसाची वर्दी मिळते. या घड्याळाची पेशीतली यंत्रणा उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना २०१७ चं नोबेल मिळालं.

अडचण एवढीच की सूर्य आपल्या वेळापत्रकानं चालत नाही. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची. छत्रपती संभाजीनगर आहे ७५.३ अंशांवर. म्हणजे तिथला सूर्य घड्याळाच्या २८-२९ मिनिटं मागे, नांदेडचा सुमारे २१. संभाजीनगरात जूनच्या सुरुवातीला पावणेसहाच्या सुमारास उजाडतं, जानेवारीच्या मध्यात सात वाजून गेल्यावर. वाळूजच्या कारखान्यात सकाळच्या पाळीला जाणारा थंडीत अंधारातच घर सोडतो. त्याच्यासाठी उजेड घरात तयार करावा लागतो.

[दृश्य: टेबलावर सुटे भाग.]

हळूहळू उजळणारा दिवा घरी करायला लागतं ते असं. १२ व्होल्टची वॉर्म व्हाईट एलईडी पट्टी, एक मीटर, ६० दिव्यांची. ५०५० प्रकारची घेतली तर पूर्ण तेजावर सुमारे १४ वॉट, म्हणजे १.२ अँपिअर. अर्डुइनो नॅनो, म्हणजे प्रोग्राम भरता येणारा छोटा सर्किट बोर्ड. वेळेसाठी डीएस३२३१ मोड्यूल. वर्षाकाठी त्याची चूक मिनिटभराची. जुनं डीएस१३०७ घेऊ नका, ते महिन्यातच भरकटतं. पट्टीला कमी-जास्त करायला आयआरएलझेड४४एन हा मॉस्फेट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक बटण. इथे बरेच जण दुकानात मिळतो म्हणून आयआरएफ५४० आणतात. तो ५ व्होल्टवर पुरता उघडत नाही आणि तापतो. मॉस्फेटच्या गेटला, म्हणजे त्याला चालू-बंद करणाऱ्या पायाला, २२० ओहमचा रेझिस्टर आणि गेटपासून ग्राउंडला १० किलोओहमचा. हा दुसरा विसरलात तर अर्डुइनो सुरू होताना पट्टी झळकन् पेटते, आणि आपण टाळायला निघालो होतो तेच मध्यरात्री घडतं.

डीएस३२३१ च्या स्वस्त निळ्या मोड्यूलवर नाण्याएवढी बॅटरी चार्ज करणारं सर्किट असतं. सीआर२०३२ ही बॅटरी चार्ज करायची नसते, ती फुगू शकते. मोड्यूलवरच्या काचेच्या छोट्या डायोडशेजारचा २०० ओहमचा रेझिस्टर सोल्डर काढून उचला, मग ती बसवा.

वीज कुठून? लाईट कधी जाईल याचा भरवसा नाही, म्हणून फवारणीच्या बॅटरी पंपातली १२ व्होल्ट ८ अँपिअर-तासाची बॅटरी उत्तम. अर्धा तास चढता उजेड, अर्धा तास पूर्ण उजेड मिळून एक अँपिअर-तासाच्या आत. नॅनो दिवसभरात आणखी अर्धा खातो. बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये, म्हणून दोन-तीन दिवसांनी चार्ज. चार्जिंगला लावली की ती १४ व्होल्टच्या आसपास जाते, म्हणून नॅनोला ५ व्होल्ट देणारा छोटा बक कन्व्हर्टर मध्ये घाला. बॅटरीच्या धन टोकाजवळ २ अँपिअरचा फ्यूज हवाच.

प्रोग्राममध्ये खरी मेख आहे. तेज सरळ रेषेत वाढवलं तर डोळ्याला ते पहिल्या दोन मिनिटांतच भसकन् वाढल्यासारखं वाटतं. गेलेल्या वेळेचा वर्ग घ्या, म्हणजे निम्म्या वेळी चौथाई तेज. त्यातही नॅनोच्या तेजाच्या नेहमीच्या २५६ पायऱ्यांतली पहिली पायरीसुद्धा काळोखात ठसठशीत दिसते. नॅनोतला टायमर-१ हा १६ बिटांचा, म्हणजे कितीतरी बारीक पायऱ्यांचा आहे, पिन ९ वापरून त्याच्यावर चालवा. सुरुवात दिसतसुद्धा नाही. पट्टी डोळ्यांसमोर नको, उशाकडच्या भिंतीवर उजेड पडेल अशी कॉटच्या मागे. थंडीत डोक्यावरून वाकळ ओढून झोपणाऱ्याला मात्र हा दिवा उठवू शकत नाही.

सोल्डरिंग नको असेल तर ९ वॉटचा वायफाय बल्ब नेहमीच्या पिनच्या होल्डरमध्ये बसतो. अर्धा तास आधी १ टक्क्यापासून चढत जाईल असं वेळापत्रक लावा. तो बहुधा २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायलाच जोडला जातो, आणि भिंतीवरचं बटण कायम चालूच ठेवावं लागतं. मराठवाड्यात सगळ्यात महत्त्वाचं: रात्री दोनला गेलेली लाईट तीनला आली की असे बरेच बल्ब पूर्ण तेजानं पेटतात. अ‍ॅपमध्ये 'वीज आल्यावर' काय करायचं ही निवड शोधा आणि 'बंद' किंवा 'आधीची स्थिती' ठेवा.

वसतिगृहातल्या चौघांना यातलं काही चालणार नाही. तिथे थरथरणारा मनगटी पट्टा. मनगटाच्या हाडाच्या बोटभर वर, त्वचेला टेकलेला. सैल असला तर थरथर हवेत जाते. ऐकू न येणाऱ्यांसाठीही हाच. चार्जिंगला लावलेला फोन उशीखाली घालून थरथरवणं नको, उष्णता कोंडते.

आणि मुलांच्या पालकांनी हेही ऐकावं: १३ ते १८ वयाला ८ ते १० तास झोप लागते. बाराला झोपून साडेचारला उठणाऱ्याला कुठलीच बासरी पुरणार नाही. उठायची वेळ अलीकडे आणायची तर दर दोन-तीन दिवसांनी १५ मिनिटं, आणि झोपायची वेळही तितकीच अलीकडे. रविवारी नऊपर्यंत लोळलं की सोमवारचा गजर पुन्हा गाढ झोपेत घुसतो.

नवं काहीही लावलं तरी पहिले दहा दिवस जुना गजर दहा मिनिटं उशिराचा लावून, हात पोहोचणार नाही इतक्या लांब ठेवा.

[दृश्य: रात्रीचा एक. शिवार. विहिरीजवळची स्टार्टर पेटी.]

ज्या फीडरवर पंपाची लाईट अजून रात्रीच्या पाळीत येते, तिथे गाढ झोपेतूनच उठावं लागतं. सिमकार्डचा मोबाईल स्टार्टर असेल तर लाईट आली की तो फोन करतो. त्या नंबराला वेगळी, हळू चढणारी रिंगटोन द्या, म्हणजे दर मिस्ड कॉलला दचकायला नको. मोटर घरून सुरू होत असेल तर सुरू करून पुन्हा आडवं व्हा. शेतात जावंच लागत असेल तर आधी नऊलाच झोपा. उठल्यावर लगेच निघू नका. दिवा लावा, पाणी प्या, दहा-पंधरा मिनिटं बसा. त्या गुंगीत ओल्या हातानं स्टार्टरला हात लागतो, बांधावरचं जनावर दिसत नाही. बूट, बॅटरी, काठी, मग पेटी. लाईट आठ तास राहणार असेल तर पाणी पंधरा मिनिटं उशिरा सुटलं म्हणून हरभऱ्याला काही फरक पडत नाही.