कौलावरचं १८६५

नमस्कार श्रोतेहो. प्रभात रोडच्या एखाद्या गल्लीत जुना बंगला दिसला की आपण पुणेकर लगेच म्हणतो, "ब्रिटिशकालीन दिसतोय!" आता १९४७ च्या आधीचं सगळंच ब्रिटिशकालीन. त्यातून घराबद्दल कळलं काय?

मागे एका स्नेह्यांनी मागच्या पडवीवरून उतरवलेलं एक मंगलोरी कौल माझ्या हातात दिलं. पालथं केलं, तर बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेच्या कौलांच्या कारखान्याचा शिक्का आणि खाली १८६५. "बघा, दीडशे वर्षांचं घर!" चेहरा इतका फुललेला, की मला बोलवेना. पण १८६५ हे मंगळुरातला तो कारखाना सुरू झाल्याचं साल. कौल नंतर कधीही भाजलेलं असू शकतं. शिवाय माकडांनी फोडलेली कौलं दर पावसाळ्याआधी बदलली जातात, ती गोष्ट वेगळीच.

मग आम्ही अंगणात उभं राहून घर नीट पाहिलं. पुण्याच्या लष्करी छावणीतल्या, कॅम्पातल्या जुन्या बंगल्यांची ठेवण म्हणजे उतरतं छप्पर, घडीव काळ्या दगडाचं जोतं, जाड भिंती, पुढे खोल व्हरांडा. इथे तसलं काही नाही. वर सपाट गच्ची. बाल्कनीचा कोपरा गोल वळवलेला, खिडक्यांवरचा छज्जा त्या कोपऱ्यावरून अखंड पट्टीसारखा फिरलेला, गिलाव्यात तीन आडव्या रेघा. जिन्याच्या भिंतीत वरपासून खालपर्यंत काचेची उभी पट्टी. आणि फाटकाच्या लोखंडी जाळीत उगवता सूर्य! तिथेच उत्तर मिळालं: आर्ट डेको. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर दिसते तीच शैली, इथे दुमजली घराच्या बेताने उतरलेली. असा गोल छज्जा सिमेंट-काँक्रीटमुळेच शक्य झाला, म्हणून घर बहुधा १९३० ते ५० च्या दरम्यानचं.

गंमत अशी, की हे नाव १९२५ च्या पॅरिसमधल्या प्रदर्शनावरून आलं, पण रूढ झालं १९६० च्या दशकात. म्हणजे घर बांधणाऱ्या आजोबांनी ते ऐकलंही नसणार. ते आपले "नव्या फॅशनचं" म्हणाले असतील.

मागे गेलो, तर कौलारू पडवी, दगडी डोण, तुळशीवृंदावन. पुढून मरीन ड्राइव्ह, मागून थेट पेठेतला वाडा! मला विचाराल तर अस्सल पुणेरी बंगला तो हाच.

स्नेह्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. ते कौल मात्र दिवाणखान्यात शोकेसमध्ये आहे. शिक्क्याची बाजू पुढे करून.