उसाच्या फडाची खतावणी

श्रोतेहो, नमस्कार.

फड तुटला की घरात दोन कागद असतात. एक खताच्या दुकानाची पावती, दुसरी कारखान्याची वजनपावती. रानात काय गेलं ते पहिली सांगते, रानातनं काय बाहेर पडलं ते दुसरी. सोसायटीचं व्याज आपल्याला तोंडपाठ. पण ह्या दोन पावत्या शेजारी ठेवून कुणी बघितल्यात?

एक एकर आडसाली, म्हणजे पावसाळ्यात लावलेला दीड वर्षाचा ऊस धरा. चार पोती डीएपी, सहा पोती युरिया. डीएपीच्या ५० किलोच्या पोत्यात ९ किलो नत्र, म्हणजे नायट्रोजन, आणि २३ किलो स्फुरद, म्हणजे फॉस्फरसचा अंश. युरियाच्या ४५ किलोच्या पोत्यात पावणेएकवीस किलोच्या आसपास नत्र. म्हणजे घातलं नत्र १६० किलो, स्फुरद ९२. आडसालीची शिफारस एकरी १६० आणि ६८ आहे, म्हणजे स्फुरद इथंच जादा. ऊस निघाला ५० टन. टनामागं पीक साधारण किलोभर नत्र आणि अर्धा किलो स्फुरद उचलतं, म्हणजे ५० आणि २५. शिल्लक राहिलं नत्र ११०, स्फुरद ६७.

आता खरी गोम इथं आहे. शिल्लक दोन्हीकडं दिसते, पण दोघांचा स्वभाव वेगळा. स्फुरद जागचं फारसं हलत नाही. शाहूवाडी, गगनबावड्याच्या तांबड्या मातीत लोह आणि ॲल्युमिनियम त्याला धरून ठेवतात, शिरोळकडच्या काळ्या रानात चुनखडी. ते थोडं थोडं सुटतं, म्हणून स्फुरदाची शिल्लक लागणीपासून खोडव्यापर्यंत, म्हणजे त्याच बुडख्यावर फुटून येणाऱ्या पुढच्या पिकापर्यंत, पुढं ओढायची. नत्राला मात्र बूड नाही. वरून फेकलेल्या युरियातलं काही अमोनिया होऊन उडतं, काही पाटपाण्याबरोबर नायट्रेट होऊन खाली झिरपतं. म्हणून ११० किलो शिल्लक दाखवूनही माती परीक्षणाच्या कागदावर नत्र पुन्हा 'कमी'च येतं, आणि आपण आणखी एक पोतं ओततो! पंचगंगेत केंदाळ, म्हणजे जलपर्णी, माजतं त्याला गावांचं सांडपाणी जबाबदार आहेच, पण आपल्या रानाचाही त्यात वाटा आहे.

हिशेबात दोन गोष्टी हमखास सुटतात. जनावरांना घातलेलं वाडं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, हे बाहेर गेलेलंच खत आहे. शेण परत त्याच रानात आलं, तरच जमेला धरा. आणि पाला पेटवला तर त्यातलं नत्र जवळपास सगळं धुरात जातं, स्फुरद बरंचसं राखेत उरतं.

एक आकड्याचा चकवा. पोत्यावरचं स्फुरद हे फॉस्फेट (P₂O₅) म्हणून मोजलेलं असतं. शुद्ध फॉस्फरस हवा असेल तर २.२९ नं भागायचं. २३ किलोचे १० होतात. अहवालातला आकडा दोन्हीपैकी कुठला, ते प्रयोगशाळेत विचारूनच वजाबाकी करा, नाहीतर सगळं दुपटीनं चुकतं.

मातीचा नमुना खताचा डोस देण्याआधी घ्या, बांधाकडंचा आणि उकिरड्याजवळचा सोडून. दर खेपेला त्याच महिन्यात, त्याच रानातला. वहीत तारीख लिहा, आणि खाली पोत्यांची संख्या.

नमस्कार.