मांजर गप्प बसलं तर

नमस्कार, श्रोतेहो. ज्यांच्या दावणीला संकरित गाय आहे, त्यांना गोचीड ताप मी समजावून सांगायला नको. तो करणारा थायलेरिया हा रक्तातला परजीवी. त्याचाच एक भाऊबंद मांजरांच्या जिवावर उठतो. नाव सायटॉक्सझून फेलिस. १९७६ साली तो अमेरिकेतल्या मिसूरी राज्यात पहिल्यांदा नोंदला गेला. आर्कान्सा, ओक्लाहोमा हाही त्याचाच मुलूख.

मग इथं बसून त्याची चर्चा कशाला? तर तुमच्यापैकी बरेच जण उन्हाळ्यात मुलांकडे तिकडं जाता. मुलं ऑफिसात, नातवंडं शाळेत आणि घरातलं मांजर तुमच्या ताब्यात. गोचिडांचा हंगामही नेमका तोच.

तिकडच्या रानात बॉबकॅट नावाचं जंगली मांजर असतं. परजीवी त्याच्या रक्तात मुक्कामाला असतो, पण त्याचं सहसा फारसं बिघडत नाही. लोन स्टार जातीचा गोचीड त्याचं रक्त पितो आणि पुढं पाळीव मांजराला चावतो. या गोचिडाच्या मादीच्या पाठीवर पांढरा ठिपका असतो, त्यावरून ती ओळखू येते. चावल्यावर दहा-पंधरा दिवसांत मांजर खाणं सोडतं, कोपरा धरतं. ताप १०४-१०६ फॅरनहाइट. परजीवीनं फुगलेल्या पेशी फुप्फुस, यकृत, प्लीहा यांतल्या बारीक रक्तवाहिन्या तुंबवतात. हिरड्या पिवळ्या पडतात. उपचार झाले नाहीत, तर बहुतेक मांजरं आठवड्याभरात जातात.

आता आपली सवय. ताप दिसला की पॅरासिटामॉलची अर्धी गोळी! मांजराला ती विषासारखी आहे, एक तुकडासुद्धा देऊ नका. कुत्र्याचं परमेथ्रिनवालं गोचिडाचं औषधही मांजराला लावायचं नाही, त्यानं झटके येतात. अॅटोव्हाक्वोन आणि अॅझिथ्रोमायसिन ही जोडी डॉक्टर देतात. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यावर साठ टक्के मांजरं वाचली. म्हणून ‘उद्या बघू’ नको.

परजीवी अंगात उतरायला गोचीड साधारण दीड दिवस तरी चिकटून राहावा लागतो. तेव्हा बाहेर फिरणाऱ्या मांजराच्या कानामागं, मानेखाली, जांघेत रोज बोटं फिरवा. सापडला तर चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढा. मांजर स्वतःला चाटून बरेचसे गोचीड काढून टाकतं, त्यामुळं काही सापडलं नाही म्हणून निर्धास्त राहू नका. मांजराला चालणारा गोचिडाचा पट्टा किंवा थेंब डॉक्टरांना विचारून आणवा. आणि त्यांचा फोन नंबर फ्रिजवर चिकटवायला सांगा, मुलगा मीटिंगमध्ये असेल तेव्हाच तो लागतो.