रात्रीचे दोन ते सहा

कामाच्या वेळा थकवणाऱ्या आहेत, अशी वैमानिकांची तक्रार असते. त्यांच्या ड्युटीच्या वेळापत्रकाचा, म्हणजे रोस्टरचा, हा एक नमुना पाहा; त्याची रचना भारतातल्या कोणत्याही मोठ्या विमान कंपनीच्या वैमानिकाला ओळखीची वाटेल. दोन दिवस पहाटेची ड्युटी, एक दुपारची, मग मध्यरात्र ओलांडणारी, एक दिवस स्टँडबाय, म्हणजे गरज पडल्यास उड्डाणासाठी तयार राहणे, आणि त्यानंतर साप्ताहिक विश्रांती. यातले उड्डाणाचे तास तेवढे मोजले, तर ते एखाद्या कचेरीतल्या कर्मचाऱ्याच्या आठवड्यापेक्षा कमी भरतात. वर्षाला एक हजार तासांहून अधिक उड्डाण करता येत नाही हे कळल्यावर तर, मग तक्रार कशाची, असे प्रवाशाला वाटणे साहजिक आहे. मात्र थकवा केवळ तासांच्या बेरजेवर ठरत नाही. ते तास दिवसाच्या कोणत्या प्रहरी येतात, यावर तो फार मोठ्या प्रमाणात ठरतो.

रात्री दोन ते सहा या वेळेत माणसाचे शारीरिक घड्याळ सर्वांत खालच्या पातळीवर असते. शरीराचे तापमान उतरते, प्रतिक्रिया मंदावते आणि झोपेची ओढ तीव्र होते. रात्रभर जागलेला माणूस सकाळी अंथरुणावर पडला, तरी उन्हाबरोबर शरीर पुन्हा जागे होऊ लागते; त्यामुळे दिवसाची झोप तुटक आणि अपुरी राहते. रोस्टरमध्ये मात्र दिवसाचे आठ तास आणि रात्रीचे आठ तास सारखेच दिसतात.

२२ मे २०१० रोजी दुबईहून मंगळुरूला आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान पहाटे सहाच्या सुमारास धावपट्टी ओलांडून दरीत कोसळले. विमानातल्या १६६ जणांपैकी १५८ जणांचा मृत्यू झाला. हवाई दलाचे माजी उपप्रमुख, निवृत्त एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी झाली. कॉकपिटमधील ध्वनिमुद्रण सुमारे दोन तासांचे होते आणि त्यातला पहिला सुमारे एक तास चाळीस मिनिटांचा काळ कमांडर, म्हणजे विमानाचा मुख्य वैमानिक, झोपेत होता. त्याच्या घोरण्याचे आवाज त्यात अधूनमधून ऐकू येत होते. उतरताना विमान प्रमाणाबाहेर उंचावर होते. सहवैमानिकाने लँडिंग सोडून पुन्हा वर जाण्याची सूचना तीनदा केली, तरीही कमांडरने विमान उतरवले आणि सुमारे आठ हजार फुटांच्या धावपट्टीवर ते पाच हजार फुटांच्याही पुढे टेकले. गाढ झोपेतून उठल्यावर काही काळ राहणारी बधिरता आणि पहाटेची ती वेळ यांमुळे निर्णयशक्तीवर परिणाम झाला असावा, असे अहवालाने म्हटले. त्याच अहवालातली आणखी एक नोंद सहसा कोणी उद्धृत करत नाही: उड्डाणापूर्वी कमांडरला पुरेशी विश्रांती उपलब्ध होती. म्हणजे कागदावरचा हिशेब चुकलेला नव्हता.

वैमानिकांच्या कामाच्या मर्यादा ठरवणारे सुधारित नियम नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, ८ जानेवारी २०२४ रोजी जाहीर केले, तेव्हा त्यात प्रथमच घड्याळाला इतके वजन मिळाले. साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर गेली. रात्रीची व्याख्या मध्यरात्र ते पाच अशी होती, ती सहापर्यंत वाढली. रात्रीच्या ड्युटीत जास्तीत जास्त सहा लँडिंग करता येत असत, ती संख्या दोनवर आली. रात्रीच्या व्याख्येत वाढलेला तो एक तास किरकोळ वाटतो, पण सहाच्या विमानासाठी मुंबईतल्या वैमानिकाला तीन-साडेतीनलाच उठावे लागते. जुन्या व्याख्येत त्याची ती पहाट पुरेशी मोजली जात नव्हती.

कंपन्यांची अडचणही खोटी नाही. भारतातली बहुतेक प्रवासी विमाने भाडेपट्टीवर घेतलेली असतात आणि विमान रात्रभर उभे राहिले तरी भाडे चालूच राहते. रात्रीची उड्डाणे कमी करायची नसतील, तर वैमानिक वाढवावे लागतात. कमांडर तयार व्हायला वर्षे लागतात. दुसऱ्या कंपनीतून आणायचा, तर त्याला राजीनाम्यानंतर वर्षभर आणि सहवैमानिकाला सहा महिने थांबावे लागते. जून २०२४मध्ये लागू व्हायचे नियम पुढे ढकलले गेले, वैमानिकांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या आणि अखेर १ जुलै व १ नोव्हेंबर २०२५ असे दोन टप्पे ठरले. जाहीर झाल्यापासून दुसऱ्या टप्प्यापर्यंत जवळपास बावीस महिने मिळाले होते. एवढ्या अवधीनंतर तयारीला वेळ मिळाला नाही, हे कारण टिकत नाही.

नव्या नियमांप्रमाणे वैमानिकांचे नियोजन जमले नाही आणि डिसेंबर २०२५च्या पहिल्या आठवड्यात देशांतर्गत बाजारपेठेचा साठ टक्क्यांहून अधिक हिस्सा असलेल्या इंडिगोचे वेळापत्रक कोलमडले. ५ डिसेंबरला एका दिवसात हजाराहून अधिक उड्डाणे रद्द झाली. मुंबई आणि पुण्याच्या विमानतळांवरही प्रवासी तासन्‌तास अडकले. त्याच दिवशी डीजीसीएने इंडिगोला १० फेब्रुवारी २०२६पर्यंत तात्पुरती सूट दिली, आणि ती नेमकी रात्रीच्या तरतुदींमध्ये होती. साप्ताहिक विश्रांतीच्या जागी रजा धरता येणार नाही, हे कलमही मागे घेतले गेले, तेही सर्वच कंपन्यांसाठी. वैमानिकांच्या संघटनांनी यावर आक्षेप घेतला. अडकलेल्या प्रवाशांची सोय महत्त्वाची होतीच. पण नियोजन कंपनीचे चुकले आणि त्याची भरपाई वैमानिकाच्या झोपेतून झाली, असाच या निर्णयाचा अर्थ निघतो.

आपण थकलो आहोत हे जाणवत असेल, तर वैमानिकाने उड्डाण करू नये, असे नियमच सांगतो. अशा नकाराबद्दल शिक्षा होऊ नये आणि थकव्याच्या तक्रारींचा तिमाही अहवाल कंपनीने डीजीसीएला द्यावा, हीही नव्या नियमांतली तरतूद आहे. पण रात्री अडीच वाजता कमांडर नकार देतो, तेव्हा दीडशेहून अधिक प्रवासी विमानतळावर ताटकळत असतात आणि त्याची जागा घेणारा दुसरा कमांडर स्टँडबायच्या यादीत असेल तरच ते विमान सुटते. ती यादी किती लांब ठेवायची, हे वैमानिक ठरवत नाही. ते कंपनीचा नियोजन विभाग महिनाभर आधी ठरवतो.